हातोडीने न फुटणारं झाकण स्क्रूपाशी का तडकतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमच्या यंत्रात साफसफाईच्या द्रवाची टाकी आहे. तिचं पारदर्शक झाकण पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे पीसीचं आहे आणि ते स्क्रूंनी घट्ट बसवलंय. नवं झाकण हातोडीने ठोकलं तरी फुटत नाही. पण बसवल्यावर दोन-तीन महिन्यांत भोकांभोवती केसासारखे तडे दिसू लागतात आणि पुढे कोपराच तुटून हातात येतो. त्याच टाकीला लावलेला पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा नळीचा जोड मात्र शाबूत आहे, जरी त्याच्यावर नखानेही ओरखडा उमटतो. म्हणून तुम्ही विचारलंत की पीसीपेक्षा मजबूत प्लास्टिक कोणतं.

हातोडीचा घाव काही मिलिसेकंदांचा असतो. स्क्रूचा ताण महिनोन् महिने एकाच जागी बसून असतो, आणि सोबतीला कुठलं तरी रसायन असतं. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पीसी अव्वल आहे, दुसरीत तो बऱ्यापैकी कच्चा आहे, आणि दोन्हींचं कारण त्याच्या रेणूंच्या एकाच रचनेत आहे. त्यामुळे ‘आणखी मजबूत’ माल शोधत गेलात तर महागडा माल घेऊन पुन्हा तोच तडा बघाल. तुम्हाला हवं ते उत्तर असं आहे की सततच्या ताणात, तुमच्या द्रवाच्या संगतीत, वर्षानुवर्षं टिकणारं आणि आरपार दिसणारं प्लास्टिक कोणतं. किंवा आहे तेच झाकण टिकवायला काय बदलावं.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे: द्रव नेमकं कसलं, त्याचा सामू किती, ते गरम असतं का, झाकण साच्यात ओतलेलं आहे की शीट कापून भोकं पाडलेलं, स्क्रूचं डोकं सपाट बसणारं आहे की शंकूसारखं खाली उतरणारं, गळती अडवणारं गॅस्केट कशाचं आहे. तुटलेले भाग तपासून कारण शोधणं हेच माझं आताचं मुख्य काम आहे, त्याआधी बराच काळ मोल्डिंगमध्ये गेला. त्या सवयीने मी कसा विचार करते तो सगळा इथे मांडते. तुमच्याकडची माहिती त्यात घालून तुम्हालाच निष्कर्ष काढता येईल.

मुळापासून सुरुवात करू. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. आज हे सहज बोलतो, पण 1920 मध्ये हेरमान श्टाउडिंगर यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ती मानली नव्हती. त्यांना नोबेल मिळायला 1953 साल उजाडलं. कुठल्याही प्लास्टिकचा स्वभाव ओळखायचा तर मी तीन गोष्टी बघते. साखळी कोणत्या अणूंची आणि कोणत्या बंधांची आहे, ती किती लांब आहे, आणि साखळ्या एकमेकींशेजारी कशा बसल्यात. पहिल्या गोष्टीकडे सगळे लक्ष देतात. भाग तुटतात ते बहुतेक वेळा दुसरी आणि तिसरी दुर्लक्षित राहिल्यामुळे.

बसण्याची गोष्ट पॉलीइथिलीनवरून चटकन कळते. साखळी सरळसोट असेल तर ती शेजारणीला चिकटून नीट बसते, घनता घन सेंटीमीटरला साधारण 0.95 ते 0.96 ग्रॅम भरते आणि डबे, नळ्या, बाटल्यांची टोपणं बनवण्याइतका कडक माल मिळतो, हे एचडीपीई. त्याच साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असतील तर ती जवळ बसू शकत नाही, घनता 0.92 च्या आसपास राहते आणि मऊ, लवचिक पिशवी बनते, हे एलडीपीई. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच, प्रमाणही जवळपास तेच. वितळण्याच्या तापमानात मात्र सुमारे वीस अंशांचा फरक पडतो.

पॉलीप्रॉपिलीनचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. त्याच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक मिथाइल गट लटकतो. हे गट वाटेल त्या बाजूला असतील तर माल चिकट आणि लिबलिबीत निघतो, त्याचा भाग बनवता येत नाही. सगळे एकाच बाजूला असतील तर साखळी नियमित वेटोळं घेते, नीट रचली जाते आणि 160 ते 165 अंशांपर्यंत न वितळणारं घन प्लास्टिक मिळतं. कार्ल त्सीग्लर यांनी काढलेल्या उत्प्रेरकांचा उपयोग करून जूलियो नात्ता यांनी 1954 मध्ये हे साधलं आणि 1963 चं नोबेल दोघांनी वाटून घेतलं. तुमचा नळीचा जोड त्याच शोधाची देणगी आहे.

अशी नियमित साखळी थंड होताना स्वतःवरच मागेपुढे घड्या घालत पातळ थर बनवते. सुताच्या लड्या डोळ्यांसमोर आणा. एक धागा एका लडीत बराच गुंडाळला जातो, मग मधल्या मोकळ्या जागेतून जाऊन दुसऱ्या लडीत शिरतो. लडी म्हणजे स्फटिक, मधली जागा विस्कळीत, आणि दोन लड्यांना जोडणारे धागे सगळ्यात मोलाचे, कारण ताण आला की लड्या एकमेकींपासून सुटू नयेत हे तेच बघतात. अशा प्लास्टिकांना आपण सेमी-क्रिस्टलाइन म्हणतो: पीई, पीपी, नायलॉन, अॅसिटल, पीबीटी. स्फटिक आणि मधला विस्कळीत भाग यांच्यातून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून हे माल सहसा दुधी दिसतात.

दुसऱ्या गटात साखळ्या रचल्याच जात नाहीत. पॉलीस्टायरिन, अॅक्रिलिक आणि तुमचं पीसी हे अमॉर्फस आहेत, म्हणजे आतून सगळा गुंताच. आत कुठेही सीमारेषा नसल्यामुळे प्रकाश सरळ जातो, म्हणून काचेसारखी पारदर्शकता. थंड होताना स्फटिक बनत नाहीत, म्हणून आकुंचनही कमी: पीसी साधारण 0.5 ते 0.7 टक्के आकसतं, पीपी एक ते अडीच टक्के. झाकण सपाट राहावं, मापात बसावं आणि आतलं दिसावं, या तिन्ही अपेक्षांसाठी तुमच्या डिझायनरने पीसी निवडलं असणार. त्या तीन अपेक्षांपुरती निवड बरोबरच आहे.

आता हातोडीकडे वळू. पॉलीस्टायरिनही गुंत्याचंच, खोलीच्या तापमानाला दोघेही ग्लास ट्रान्झिशन तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या वर कडक गुंता मऊ पडतो त्या तापमानाच्या, बरेच खाली, पॉलीस्टायरिनचं ते सुमारे 100 अंश आणि पीसीचं सुमारे 147. मग एक वाकवताच कटकन मोडतं आणि दुसरं घावाखाली नुसतं दबतं, असं का? उत्तर गुंत्याच्या दाटीत आहे. साखळीचे दोन लागोपाठचे गुंते किती अंतरावर येतात ते मोजता येतं. पॉलीस्टायरिनच्या मानाने पीसीत दोन गुंत्यांमधला तुकडा वजनाने साधारण एक दशांश असतो. गुंते इतके दाट असल्याने घाव बसताच पीसीच्या साखळ्या सुटून येत नाहीत, त्या एकमेकींवरून सरकतात, मोठ्या भागात ताण पसरतो आणि ऊर्जा जिरते. हेल्मेटची काच, यंत्रांवरची संरक्षक आवरणं, काही लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरच्या काचा यांत पीसी असतं ते यासाठी.

पण याच रचनेची दुसरी बाजू बघा. गुंत्यात मोकळ्या जागा भरपूर असतात आणि त्या अडवायला स्फटिक नसतात. योग्य आकाराचे आणि योग्य स्वभावाचे छोटे रेणू पृष्ठभागातून आत शिरू शकतात. भागावर ताण नसेल तर बहुतेकदा फार काही बिघडत नाही. ताण असेल तर त्या जागी साखळ्या आधीच थोड्या ओढल्या गेलेल्या असतात, जागा किंचित मोकळी झालेली असते आणि रेणू तिथेच जास्त जमतात. तेवढ्या भागाचं ग्लास ट्रान्झिशन तापमान खाली येतं, साखळ्या एकमेकींतून सुटायला लागतात आणि एक क्रेझ तयार होते. क्रेझ म्हणजे अजून पुरता तडा नव्हे. तिच्या दोन काठांमध्ये बारीक तंतू ताणलेले असतात आणि थोडाफार भार अजून तेच पेलत असतात. द्रव त्या तंतूंमधल्या पोकळ्यांत भरतं, तंतू हळूहळू तुटतात, क्रेझचा तडा होतो, तड्याच्या टोकाशी ताण आणखी एकवटतो आणि पुढची क्रेझ उघडते.

या प्रकाराला एन्व्हायर्नमेंटल स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात. इथे रसायनाने साखळी कुठेही कापलेली नसते, फक्त साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल केलेली असते. म्हणून ‘हे रसायन पीसीला चालतं’ असं तक्त्यात वाचून निर्धास्त होऊ नका. असे बरेच तक्ते ताण नसलेला तुकडा द्रवात बुडवून, त्याचं वजन किती वाढलं ते बघून बनवलेले असतात. तुमचा तुकडा ताणात आहे.

साफसफाईच्या द्रवाबाबत आणखी एक वेगळा धोका आहे आणि तो यापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. पीसीच्या साखळीत ठराविक अंतराने कार्बोनेट बंध असतो. तीव्र अल्कली, अमोनिया आणि अमोनियाच्या जातकुळीतली अमाइन हा बंध तोडतात. असं झालं तर साखळीच आखूड होते, गुंते सुटतात आणि माल ठिसूळ होतो, ताण असो वा नसो. पण त्याची खूण निराळी असते: द्रव लागलेला सगळाच पृष्ठभाग मंद, पांढुरका किंवा खरखरीत होतो. तुम्ही वर्णन केलेल्या झाकणाचा मधला भाग लखलखीत आहे आणि तडे फक्त भोकांपाशी आहेत. त्यामुळे माझा संशय पहिल्या प्रकारावर आहे.

इथे एक प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्क्रू गॅस्केटच्या बाहेरच्या बाजूला असतील, आणि चांगल्या टाकीत ते तसेच असतात, तर टाकीतलं द्रव स्क्रूच्या भोकापर्यंत पोचतंच कसं? गळती होत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर तुम्ही ज्याला दोष देताय ते द्रव तिथे नाहीच आणि दुसरं काहीतरी आहे. अशा वेळी मी आधी स्क्रूला लावलेला थ्रेडलॉक विचारते. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो अॅनारोबिक थ्रेडलॉक धातूंसाठी बनवलेला असतो. पीसी, एबीएस आणि अॅक्रिलिकवर तो घट्ट होण्याआधी द्रवरूपात असताना थेट हल्ला करतो. त्यानंतर नव्या स्क्रूंवरचं तेल. त्यानंतर भोकं पाडताना वापरलेलं कटिंग ऑइल. त्यानंतर मऊ पीव्हीसीचं गॅस्केट किंवा झाकणाला टेकलेली पीव्हीसीची वायर: पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला घातलेला प्लास्टिसायझर साखळ्यांना बांधलेला नसतो आणि संधी मिळाली की शेजारच्या पीसीत शिरतो. आणि जुळणी करणाऱ्याने शेवटचा हात म्हणून कसल्या कापडाने, कुठल्या द्रवाने पुसलं तेही विचारा. तुमच्या जुळणीच्या टेबलापाशी उभं राहून एक झाकण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसवताना बघा आणि त्याला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक पदार्थाचं नाव लिहून काढा. यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब निघेल.

तुटलेला कोपरा फेकला नसेल तर तो दहापट भिंगाखाली बघा. जिथून तडा सुरू झाला तिथली भेग आरशासारखी गुळगुळीत असेल, भोवती माल ताणला गेल्याची पांढरी खूण नसेल आणि पुढे जाऊन पृष्ठभाग एकदम खडबडीत झाला असेल, तर आधी तडा सावकाश वाढला आणि शेवटी उरलेला भाग एका झटक्यात गेला. आरंभबिंदू कुठे आहे तेही नोंदवा: स्क्रूच्या डोक्याखालच्या कडेला, भोकाच्या आतल्या भिंतीवर की गॅस्केटच्या बाजूला. निम्मं उत्तर तिथे मिळतं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर पीसीची विस्कळीत पण दाट गुंत्याची रचना त्याला पारदर्शक, मापात राहणारं आणि घावाला चिवट बनवते. तीच रचना सततच्या ताणात परक्या रेणूंना दार उघडते. म्हणजे तुमच्या झाकणाला तडा जायला तीन गोष्टी एकत्र लागतात: अमॉर्फस माल, ताण आणि रसायन. तिन्हींपैकी एक काढलीत तरी तडा थांबतो. माल बदलणं हा त्यातला सगळ्यात खर्चिक मार्ग, कारण त्याच्यासोबत साचाही बदलावा लागू शकतो.

म्हणून आधी ताण बघू, आणि तो खरोखर डोळ्यांनी बघता येतो. दोन पोलरायझिंग फिल्म, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, एकमेकींशी काटकोनात धरा, मागे पांढरा प्रकाश ठेवा. फिल्म नसतील तर एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, त्यातून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो, आणि पोलराइज्ड चष्मा इतका फिरवा की त्यातून पडदा काळा दिसेल. आता मध्ये झाकण धरा. जिथे ताण नाही तो भाग गडद राहील. गेटपाशी, म्हणजे जिथून वितळलेला माल साच्यात शिरला तिथे, रंगीत पट्टे दाटलेले दिसतील. प्रत्येक भोकाच्या एका बाजूला एक बारीक रेघ सापडेल. मालाचे दोन प्रवाह भोकाला वळसा घालून तिथे परत भेटले, पण भेटेपर्यंत थोडे थंड झाले होते. ती वेल्ड लाइन, आणि साखळ्या तिच्या आरपार पुरेशा गुंतलेल्या नसतात. तुमचे तडे नेमके त्याच बाजूला आहेत का ते ताडून बघा.

मग झाकण रिकाम्या टाकीवर बसवा. टाकी अपारदर्शक असेल तर झाकणाएवढ्या जाड अॅक्रिलिकच्या तुकड्यावर बसवा, आणि फिल्ममधून बघत एक स्क्रू आवळत जा. भोकाभोवती रंगांची कडी उमटते, पिवळं, तांबडं, निळं, हिरवं, पुन्हा तांबडं. प्रत्येक पाव फेऱ्याला कडी दाट होतात आणि बाहेर सरकतात. शंकूच्या आकाराचं डोकं असलेला स्क्रू असेल तर हे फार लवकर होतं, कारण ते डोकं पाचर मारल्यासारखं भोकाला आतून फाकवतं. सपाट बुडाचं डोकं आणि रुंद वॉशर घेऊन तेवढाच आवळा, फरक लगेच दिसेल. एक इशारा मात्र देते. रंग फक्त ताणामुळेच येत नाहीत. साच्यात वाहताना साखळ्या एका दिशेने ओढल्या जाऊन तशाच गोठल्या असतील तरी रंग दिसतात. त्यामुळे रंगांवरून ताणाचा आकडा काढू नका. आवळण्याआधी आणि नंतर काय बदललं एवढंच वाचा.

इथून सुधारणा सरळ सुचतात. शंकूचं डोकं काढून टाका. भोक स्क्रूपेक्षा सैल ठेवा, म्हणजे गरम-थंड होताना झाकणाला हलायला वाव राहील. धातूच्या मानाने प्लास्टिक कितीतरी जास्त प्रसरण पावतं. भोकात धातूची छोटी नळी बसवली की स्क्रूचा जोर तीच पेलते आणि पीसीवर मर्यादेपलीकडे दाब येतच नाही. तुमच्या जागी मी हा बदल सगळ्यात आधी केला असता. आतले कोपरे धारदार असतील तर त्यांना निदान जाडीच्या निम्मी गोलाई द्या. झाकण शीट कापून बनवलं असेल तर कापताना आणि भोकं पाडताना आलेला ताण काढायला ते ओव्हनमध्ये 120 ते 125 अंशांवर काही वेळ ठेवून अगदी सावकाश थंड करा. साच्यातल्या भागालाही याचा फायदा होतो, पण स्क्रूने पुढे दिलेला ताण याने जात नाही, हे लक्षात असू द्या.

मग साखळीची लांबी. हा भाग मोल्डरशी बोलण्याचा आहे आणि बहुतेक गिऱ्हाईक तो बोलतच नाही. पातळ वाहणारा ग्रेड साचा पटकन भरतो, म्हणून मोल्डरला तो आवडतो. पण माल पातळ वाहतो कारण साखळ्या आखूड आहेत. आखूड साखळीत गुंते कमी, आणि गुंते कमी म्हणजे स्ट्रेस क्रॅकिंगला तोंड द्यायची ताकद कमी. पीसीचा मेल्ट फ्लो, म्हणजे वितळलेला माल दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो तो आकडा, 300 अंश आणि 1.2 किलोच्या भारावर मोजतात. तुमच्या झाकणाला वीसच्या वरचा ग्रेड वापरला जात असेल तर दहाच्या खालचा मागा. दुसरं, साच्यात जाण्याआधी प्लास्टिकचे कच्चे दाणे नीट सुकवले जातात का ते विचारा. पीसी हवेतून अगदी थोडं पाणी घेतं, पण मशीनच्या तापमानाला तेवढं पाणीही कार्बोनेट बंध तोडायला पुरतं. 120 अंशांवर तीन-चार तास सुकवून ओलावा 0.02 टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. ओल्या दाण्यांच्या भागावर चंदेरी रेघा दिसतात असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे, पण रेघा नसल्या म्हणजे साखळ्या शाबूत आहेत असं समजू नका. खात्री करायची तर दाण्यांचा आणि त्यांच्यापासून बनलेल्या झाकणाचा मेल्ट फ्लो दोन्ही मोजून घ्या. झाकणाचा बराच जास्त आला तर वाटेत साखळ्या तुटल्यात.

आता तुमच्या पीपीच्या जोडाकडे येऊ. त्याला काही होत नाही याची दोन कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. एक रचनेचं: त्याचा निम्म्याच्या आसपास भाग स्फटिक आहे आणि छोट्या रेणूंना स्फटिकात शिरायचं तर आधी तो वितळवण्याइतकी ऊर्जा लागते, जी खोलीच्या तापमानाला नसते. पीपी विरघळवायला प्रयोगशाळेत उकळतं झायलीन घ्यावं लागतं, ते यामुळेच. दुसरं रसायनाचं: साखळीत नुसते कार्बन-कार्बन बंध आहेत, अल्कलीला तोडण्यासारखं काही नाही.

मग झाकणच पीपीचं करावं का? त्याची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागेल. पीपीच्या विस्कळीत भागाचं ग्लास ट्रान्झिशन तापमान शून्याच्या आसपास किंवा थोडं खाली आहे, म्हणजे खोलीत तो भाग सैल असतो. नखाचा ओरखडा त्यातूनच येतो आणि सततच्या भाराखाली हळूहळू सरकत जाणं, म्हणजे क्रीप, तेही त्यातूनच. स्क्रूखाली माल दबतो, पकड ढिली होते, गॅस्केट गळायला लागतं. ताठपणा पीसीच्या 2.3 गिगापास्कलच्या जागी 1.3 ते 1.6, म्हणजे झाकण जाड करावं लागेल किंवा फासळ्या द्याव्या लागतील. आकुंचन जास्त असल्याने पीसीच्या साच्यात पीपी ओतलंत तर भाग लहान आणि वाकडा निघेल. आणि गोठणबिंदूच्या खाली साधं होमोपॉलिमर, म्हणजे नुसत्या प्रॉपिलीनचं, पीपी घावाने फुटतं. तुम्ही यंत्र कुठल्या तापमानात चालवता यावर हे ठरेल.

सेमी-क्रिस्टलाइन म्हणजे स्ट्रेस क्रॅकिंगपासून कायमची सुटका, असंही नाही. एचडीपीईच्या डिटर्जंटच्या बाटल्या ताणात तडकू शकतात, कारण सावकाश ताणात ते लड्या जोडणारे धागे एकेक करून सुटून येतात. म्हणून अशा बाटल्यांसाठी लांब साखळीचा आणि थोड्या फांद्या असलेला ग्रेड घेतात, म्हणजे धागे जास्त आणि ओढून काढायला अवघड.

पारदर्शकता सोडायचीच नसेल तर पर्याय असे. क्लॅरिफाइड रँडम पीपी: साखळीत थोडं इथिलीन मिसळून आणि न्यूक्लिएटर, म्हणजे स्फटिकांची सुरुवात करून देणारा पदार्थ, घालून स्फटिक इतके बारीक ठेवतात की पातळ भिंतीतून बऱ्यापैकी दिसतं. द्रवाची पातळी दिसण्यापुरतं हवं असेल तर मी हेच आधी आजमावलं असतं. पॉलीमिथाइलपेंटीन हा मला फार आवडणारा माल आहे. तो स्फटिक असूनही स्वच्छ पारदर्शक आहे, कारण त्याच्या स्फटिकाची आणि विस्कळीत भागाची घनता जवळपास सारखीच भरते. पण तो पीसीइतका चिवट नाही. पॉलीफिनाइलसल्फोन अमॉर्फस असूनही अल्कली आणि वाफ उत्तम सोसतो, ग्लास ट्रान्झिशन 220 अंश, रंगाला किंचित पिवळट आणि बराच महाग. अॅक्रिलिककडे वळू नका. द्रवात अल्कोहोल असेल तर ते लवकर क्रेझ होतं. ‘पीसीत ग्लास फायबर घाला’ असा सल्ला मिळेल. त्याने ताठपणा वाढेल, पारदर्शकता जाईल आणि घावाची चिवटाई घटेल. साखळ्यांमधली वाट तशीच उघडी राहील.

कुठलाही माल ठरवण्याआधी एक साधी चाचणी करा. आयएसओ 22088 च्या तिसऱ्या भागात तिची प्रमाण पद्धत आहे. त्यातलं तत्त्व तुमच्या कामाला पुरेल. लाकडाचे किंवा धातूचे दोन वक्र ठोकळे बनवा, एकाची त्रिज्या 300 मिलिमीटर, दुसऱ्याची 150. तीन मिलिमीटर जाडीची पट्टी पहिल्यावर वाकवून दोन्ही टोकांना बांधली की बाहेरचा पृष्ठभाग साधारण अर्धा टक्का ताणला जातो, दुसऱ्यावर साधारण एक टक्का. एकेका पट्टीवर एकच पदार्थ लावा: टाकीतलं द्रव, थ्रेडलॉक, स्क्रूवरचं तेल, गॅस्केटचा तुकडा दाबून ठेवलेला. एक पट्टी कोरडी ठेवा, नाहीतर नुसत्या वाकण्याने काय झालं ते कळणार नाही. सगळ्या पट्ट्या एकाच शीटच्या, कडा बारीक पॉलिश पेपरने घासलेल्या असू द्या. पहिले काही तास वरचेवर, मग रोज, तिरप्या उजेडात बघा. क्रेझ असेल तर चकाकणाऱ्या बारीक रेघा उमटतील. थ्रेडलॉकचा निकाल बहुधा पहिल्याच दिवशी लागेल. गॅस्केटला आठवडे लागू शकतात, कारण प्लास्टिसायझर सावकाश सरकतो; थोडी ऊब दिलीत तर वेग वाढेल, पण यंत्राच्या प्रत्यक्ष तापमानापेक्षा फार वर नेऊ नका.

फक्त थ्रेडलॉकची पट्टी तडकली तर झाकणाचा माल तसाच ठेवा आणि स्क्रूला नायलॉनचा पॅच असलेला किंवा लॉक वॉशरचा पर्याय शोधा. फक्त गॅस्केटची तडकली आणि गॅस्केट मऊ पीव्हीसीचं निघालं, तर ते बदलून सिलिकोनचं घ्या. टाकीतल्या द्रवाचीच पट्टी अर्ध्या टक्क्याला तडकली तर मात्र पीसी सोडा, आणि त्याच ठोकळ्यांवर क्लॅरिफाइड पीपी व पॉलीफिनाइलसल्फोनच्या पट्ट्या लावा. निकालासोबत द्रवाचा सामू, गॅस्केटचा प्रकार आणि स्क्रूच्या डोक्याचा आकार कळवलात तर पुढच्या मालाबद्दल आणि साच्यातल्या बदलांबद्दल नेमकं सांगू शकेन.